शनिवारची तक्रार

माझ्या घरात काही लपून राहत नाही. मी फाट्यावर चहाला थांबलो तरी बायकोला आधी कळतं, आणि कुणावर चिडून आलोय ते आईला माझ्या चपला काढण्यावरून कळतं. तरी ही एक गोष्ट दहा-अकरा वर्षं माझ्याजवळ राहिली. बायकोला सांगितली नाही, आईला नाही, कंपनीत ज्याच्याबरोबर रोज एका डब्यात जेवतो त्या मित्रालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरं विचाराल तर मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडलं की माझी गोष्ट आपोआप वळते — आणि मीच त्यात चांगला दिसायला लागतो.

मी कराटे शिकवतो. म्हणजे पोटाला कुरकुंभची कंपनी — सकाळी सहाला घर सोडायचं, तीनला सुटायचं — आणि संध्याकाळी केडगावात क्लास. एका मंगल कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पुढं पाच दगडी पायऱ्या, आत शहाबादी फरशी, फरशीवर आमच्या हिरव्या मॅट. लग्नाची तिथी असली की मॅट गुंडाळून ठेवायच्या, कारण त्या दिवशी तिथं आचारी बसतात. पहिल्यांदा क्लास काढला तेव्हा नऊ पोरं होती. लोक हसायचे. कुस्ती सोडून हे कसले हातवारे, म्हणायचे. पुढं साठ झाली. ती कशी झाली ते सांगतो, कारण माझ्या चुकीचं मूळ तिथंच आहे. की मूळ त्याच्याही आधीचं, माझ्या स्वभावातलं? बघा, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो.

एका शनिवारी एक आई पोराला सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "सर, घरात कुणाचंच ऐकत न्हाई हा. मेथी दिसली की ताट सरकवतो. तुम्ही जरा दम द्या." मी त्याला रांगेतून पुढं बोलावलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, मेथीशी काय भांडण आहे रे तुझं? पोरं हसली. तो लालबुंद झाला. दहा जोर मारायला लावले. सोमवारी ती आई सांगत आली की पोरगं मेथी खायला लागलं. पुढच्या शनिवारी चार आया आल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी बापसुद्धा.

असं करत करत 'शनिवारची तक्रार' असं नावच पडलं. आईबाप भिंतीला टेकून उभे राहायचे आणि एकेक जण कानात सांगून जायचा. हा आजीला उलट बोलला. हिनं मोबाईल लपवला. हा अंघोळीला रडतो. मी नाव पुकारायचो, गुन्हा सांगायचो, पोरगं 'ओस' म्हणायचं आणि शिक्षा घ्यायचं. ओस हा आमच्या कराट्यातला शब्द. मोठे सर त्याचे पुष्कळ अर्थ सांगतात — धीर धरणं, मान देणं, काय काय. आमच्या शेडमध्ये एकच अर्थ होता, हो सर. 'नाही सर' याला आमच्याकडे शब्दच नव्हता.

आणि मला ते आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवायला जागा राहायची नाही. कंपनीत मी कोण? हेल्मेट घातलेला एक ऑपरेटर. माझ्याहून दहा वर्षांनी लहान सुपरवायझर मला एकेरीत हाक मारतो आणि मी 'जी सर' म्हणतो. संध्याकाळी पांढरा ड्रेस चढवला, काळा पट्टा बांधला, की साठ पोरं आणि त्यांचे आईबाप माझ्या भुवईकडं बघायचे. त्या दीड तासात मी नाकावर माशी बसू द्यायचो नाही. घरी आल्यावरसुद्धा तो रुबाब अंगातून लवकर उतरायचा नाही, बायको म्हणायची, आता ड्रेस बदला की. ड्रेस तर मी केव्हाच बदललेला असायचा.

आता सनाबद्दल सांगायला पाहिजे. मघापासून तेच टाळतोय.

सना ही अल्ताफभाईंची मुलगी. अल्ताफभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे — ग्रिल, गेट, उसाच्या ट्रॉलीची डागडुजी. सात वर्षांची असताना त्यांनी तिला माझ्याकडं आणली आणि म्हणाले, "सर, आजपासनं पोरगी तुमच्या हवाली. मला बाप म्हणून जे जमत न्हाई ते तुम्ही करा." क्लासमधली पंचिंग बॅग ज्या स्टँडला टांगलेली आहे तो त्यांनीच करून दिला, मी न मागता. इतक्या वर्षांत त्याची एक वेल्डिंग सुटलेली नाही. पोरगी काडीसारखी, पण पाय असा उचलायची की मी रांगेतल्या मोठ्या पोरांना म्हणायचो, बघा, हिच्याकडं बघा. जपानी आकडे मोजायला मी तिलाच पुढं उभं करायचो. लहान पोरांचे पट्टे तीच बांधून द्यायची, गाठ चुकली की सोडून पुन्हा बांधायची. ती माझी लाडकी होती. हे मी चांगुलपणा दाखवायला सांगत नाही. लाडकी होती आणि तरी — हेच मला समजत नाही. लाडकी होती म्हणूनच तर नव्हे?

आणि अल्ताफभाई शनिवारी कधी भिंतीला उभे राहिले नाहीत. त्यांची कधी तक्रारच नसायची. क्लास सुटायच्या वेळी यायचे, गेटपाशी स्कूटर लावायचे आणि तिथूनच हात करायचे.

तर सना दहा वर्षांची असतानाची गोष्ट. हिरव्या पट्ट्याची परीक्षा दोन आठवड्यांवर आली होती. गुरुवारी क्लास सुटल्यावर समृद्धी नावाची मुलगी पायऱ्यांवरून पडली आणि तिच्या मनगटाला लागलं. मी आत मॅट गुंडाळत होतो, बाहेर काय झालं ते मी पाहिलं नाही. समृद्धी ही कार्यालयाचे मालक आबा, त्यांची नात. आबांनीच शेड आम्हाला वापरायला दिलेली. तिच्या आईला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. त्या हौशी, बोलायला मोकळ्या, पण रागावल्या की आवाज पार रस्त्यापर्यंत.

शनिवारी वहिनी आल्या. पोरीचा हात गळ्यात बांधलेला. बाकीच्या आया कानात सांगायच्या, वहिनींनी दारातूनच सांगितलं, "सर, त्या अल्ताफच्या पोरीनं हिला ढकललं. डॉक्टर म्हणले थोडक्यात वाचली, न्हाईतर हाड मोडलं असतं. आता तुम्ही काय करायचं ते करा."

भिंतीला पंचवीसेक माणसं होती. सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी समृद्धीला विचारलं नाही. कुणी पाहिलं का, तेही विचारलं नाही. शनिवारी विचारायची पद्धतच नव्हती आमच्यात. घरून तक्रार आली म्हणजे ती खरी. मी नाव पुकारलं, "सना, पुढं ये. समृद्धीला ढकललंस." आणि ओसची वाट बघत उभा राहिलो.

ती म्हणाली, "नाही सर, मी नाही ढकललं."

उद्धटपणे नाही बरं का. अगदी साध्या आवाजात, आज सोमवार नाही, शनिवार आहे, असं कुणी सांगावं तसं. त्या शेडमध्ये इतक्या वर्षांत मला कुणी नाही म्हणालं नव्हतं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, ते अजून आठवतं. मी पुन्हा म्हणालो. ती पुन्हा नाही म्हणाली. मग मी तिला घोड्याच्या पवित्र्यात उभी केली. पाय फाकवायचे, गुडघे वाकवायचे, मुठी कमरेला — खाली खुर्ची नसताना खुर्चीवर बसायचं, असं समजा. चांगल्या पोरांच्या मांड्या तीन मिनिटांत थरथरायला लागतात. ओस म्हणशील तेव्हा उठायचं, मी सांगितलं. आणि बाकीच्यांचा क्लास सुरू केला.

किती वेळ झाला असेल? मी पंधरा मिनिटं धरतो. कधी वाटतं दहाच असतील, आणि कधी मनात येतं, वीस होती आणि मी कमी करून सांगतोय. शेडमध्ये घड्याळ होतं, पण मी तिकडं बघत नव्हतो. मी तिच्याकडंही बघत नव्हतो. पण बघत नाही असं दाखवायला माणसाला फार बघावं लागतं. तिचे पाय लटपटत होते. एकदा ती बाजूला पडली. मला वाटलं, सुटलो, आता रडेल, ओस म्हणेल, आणि मी डोक्यावरून हात फिरवून पाठवून देईन. ती उठली. कुणी सांगितलं नाही, पण आपणहून पाय फाकवून पुन्हा पवित्रा घेतला. मुठी कमरेला. ते मीच शिकवलं होतं तिला — पडलं तरी पवित्रा सोडायचा नाही.

इथपर्यंतची गोष्ट त्या दिवशी शेडमध्ये असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. कडक मास्तर, हट्टी पोरगी, शिक्षा जरा जास्तच झाली. एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता. अशा चुका शिकवणाऱ्या माणसाकडून होतात, आणि चारचौघांत कबूलही करता येतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणून हसताही येतं. पण माझी गोष्ट ती नाही.

ती पडल्यानंतर समृद्धी माझ्याजवळ आली. हात गळ्यात असल्यामुळं ती रांगेत नव्हती, कडेला बसलेली होती. तिनं माझी बाही ओढली. मी वाकलो. ती कानात म्हणाली — शनिवारी सगळे कानातच सांगायचे ना, तशीच — "सर, तिनं नाही ढकललं. मी पळत होते, मीच पडले. मम्मीला सांगू नका."

मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि म्हणालो, "जा, जागेवर बस."

झालं सांगून. दहा-अकरा वर्षं जे गिळून बसलो होतो ते एवढंच आहे. सांगितल्यावर किती लहान वाटतं.

मधल्या काळात मी स्वतःला पुष्कळ गोष्टी सांगून पाहिल्या. समृद्धी हे नंतर म्हणाली, सगळं आटोपल्यावर — असं मी मधली दोन-तीन वर्षं खरंच मानत होतो. मला तसं आठवायचंसुद्धा. मग एक दिवस डबा खाताना एकदम आठवलं, की तिनं बाही ओढली तेव्हा माझ्या हातात शिट्टी होती, आणि शिट्टी मी क्लास सुरू असतानाच धरतो. म्हणजे आधीच. मग मी दुसरं कारण धरलं — तिनं मम्मीला सांगू नका म्हटलं होतं, मी त्या लेकराचा विश्वास राखला. केवढा थोर. अरे, मला फक्त 'सना, बस झालं, जा घरी' एवढंच म्हणायचं होतं. कुणाचं नाव घ्यायची गरज नव्हती. मग शेड हातातून जायची भीती होती म्हणावं, तर तेही खरं नाही. आबांना कळलं असतं तर ते पोट धरून हसले असते आणि नातीला म्हणाले असते, आता तू कर घोडा. आबा तसे माणूस. मग मी कशाला भ्यालो? भिंतीला उभ्या असलेल्या त्या पंचवीस माणसांना? ती माझं काय वाकडं करणार होती? सरांचं चुकलं, असं म्हणाली असती फार तर. माणूस एवढ्याला भितो का? मी भ्यालो. की भ्यालोही नाही, आणि नुसता एका पोरीकडून हरायला तयार नव्हतो? मी कितीदा उलटसुलट केलं, मला अजून नक्की सांगता येत नाही.

अजून संपलं नाही. समृद्धी जाऊन बसली आणि तेवढ्यात अल्ताफभाई आले. गेटमधून त्यांनी पोरीला तसं उभं बघितलं, चपला काढून आत आले. हात काळे, अंगाला लोखंडाचा वास. मला विचारलं, "काय झालं सर?" मी सांगितलं — ढकललं आणि वर खोटं बोलते. ते तिच्यापुढं उकिडवे बसले. "सना, तूने ढकेली क्या उसको?"

"नहीं अब्बू."

अल्ताफभाईंनी वर माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत भांडण नव्हतं. ते विचारत होते. त्यांच्या पोरीनं त्यांना आधी कधी खोटं सांगितलं नसावं, म्हणून ते घोटाळ्यात पडले होते, आणि मी एक शब्द बोललो असतो तर त्यांनी तो उचलला असता. मला तेव्हा माहीत होतं. मला सगळं माहीत होतं. आणि मी म्हणालो, "अल्ताफभाई, एवढ्या लोकांदेखत मी खोटं बोलेन का?"

ते लगेच म्हणाले, "न्हाई न्हाई सर, तुम्ही कशाला." आणि पोरीकडं वळून, "सर झूट बोलेंगे क्या? चल, बोल. ओस बोल."

सनानं बापाकडं पाहिलं. माझ्याकडं नाही, बापाकडं. मग ती ओस म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की वहिनींनी ते ऐकलंच नसणार. अल्ताफभाईंनी माझ्यापुढं हात जोडले, "माफ करा सर, परत न्हाई व्हनार असं," आणि पोरीला उचलून घेतलं, कारण तिला चालता येत नव्हतं. भिंतीजवळचं कुणीतरी म्हणालं, बाप असावा तर असा. मी शिट्टी मारली आणि पुढचा प्रकार सुरू केला.

सोमवारी सना आली नाही. त्या आठवड्यात आलीच नाही. पुढच्या शनिवारी अल्ताफभाई पहिल्यांदा भिंतीला येऊन उभे राहिले, इतर आईबापांसारखे, आणि नंबर आल्यावर माझ्या कानाशी आले. "सर, माझी पन तक्रार हाय. पोरगी क्लासला यायचं न्हाई म्हणते. परीक्षा जवळ आली. तुम्ही येकदा घरी येऊन तिला सांगा, तुमचं ऐकंल." मी म्हणालो, बघतो. मी गेलो नाही. त्यांचं घर क्लासपासून चालत दहा मिनिटांवर.

मग लोक विचारायला लागले, ती चांगली लाथ मारणारी पोरगी कुठं गेली? वहिनींनीच विचारलं आधी. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं, त्यांचा राग दोन दिवसांत निवला होता. आणि मी — उचलली जीभ लावली टाळ्याला — म्हणालो, "त्यांच्यात मोठ्या व्हायला लागल्या की पाठवत नाहीत ना."

वहिनी म्हणाल्या, "व्हय, ते हाय बाई त्यांच्यात."

दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही. मी हे आधी ठरवून बोललो नव्हतो, जिभेवर आलं ते बोललो. पण ते इतकं बेमालूम चाललं की पुढं कुणीही विचारलं की तेच सांगायला लागलो. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणारी माणसं, उरूस-जत्रा एकत्र करणारी — आणि एवढ्या एका वाक्यावर सगळ्यांचं समाधान झालं. माझंसुद्धा. ज्या माणसानं पोरीला आपणहून माझ्या हवाली केलं, ती येत नाही म्हणून माझ्याकडं तक्रार आणली, त्याच्याच माथ्यावर मी ते थापलं. ते त्यांच्या कानावरही गेलं. एकदा दुकानापुढं माझी गाडी थांबवून म्हणाले, "सर, लोक म्हणतात मी बंद केली तिला. मी न्हाई हो केली. तुम्ही सांगा ना लोकांना." मी म्हणालो, लोकांचं काय मनावर घेता. ते म्हणाले, ते बी खरं.

वर्षभरानं मी शनिवारची तक्रार बंद केली. सांगताना सांगितलं, पोरं वाढली, वेळ पुरत नाही. आता मी कुठल्याही पोराला शिक्षा करायच्या आधी विचारतो, आणि नाही म्हणालं तर ऐकून घेतो. लोक म्हणतात सर मवाळ झाले, वय झालं. हा पश्चात्ताप आहे का? की पुन्हा अशा जागी सापडायला नको, एवढीच काळजी? खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खवखवणं म्हणजे काही सुधारणं नव्हे. मला चांगलं वाटावं म्हणून मी ते बंद केलं असेल तर त्याचा सनाला काय उपयोग?

हे सगळं असंच राहिलं असतं. पण गेल्या महिन्यात केडगाव स्टेशनवर ती दोघं, बाप-लेक, भेटली. सकाळची पुण्याची शटल. मी एका कामासाठी निघालो होतो, अल्ताफभाई सनाला गाडीत बसवून द्यायला आले होते. ती आता पुण्याला कॉलेजात शिकते, होस्टेलला राहते. उंच झालीय. मला पाहून तिनं मान लववली, अदबीनं, जेवढी लववायला पाहिजे तेवढीच. अल्ताफभाई खुशीत होते. तब्येत-पाणी विचारून झालं आणि मग हसत हसत म्हणाले, "सर, बरं झालं भेटला. एक भांडण मिटवा आमचं. ही अजून म्हणते बगा, त्या दिवशी मी न्हाई ढकललं म्हणून. एवढी शिकली पन हेका सोडत न्हाई. आता तुम्हीच सांगा हिला."

प्लॅटफॉर्मवर आमच्याजवळ कुणी नव्हतं. भिंतीला माणसं नव्हती. मी ड्रेसमध्ये नव्हतो, आणि माझी कुठली इज्जत तिथं टांगणीला लागलेली नव्हती. अल्ताफभाई तर थट्टाच करत होते, खरं कळलं असतं तर त्यांनी दोन मिनिटं वाईट वाटून घेतलं असतं आणि पोरीला जवळ घेतलं असतं. सना माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "जाऊ द्या हो अल्ताफभाई. लहान होती. लहानपणी होतं असं पोरांकडनं."

अल्ताफभाई हसले. "बघ, सर कधीच विसरून गेले," असं तिला म्हणाले आणि गाडी आली म्हणून बॅग घेऊन जागा धरायला पुढं पळाले. आम्ही दोघं मागं राहिलो. सना म्हणाली, "सर, समृद्धीनं मला सातवीतच सांगितलं. तुम्हाला पण तिनं तेव्हाच सांगितलं होतं, तेही सांगितलं."

मी पुढं डब्याकडं बघितलं, अल्ताफभाई कुठवर गेलेत ते.

"अब्बूंना मी ते सांगितलं नाही," ती म्हणाली. "त्यांना तुमच्याबद्दल फार वाटतं." आवाज तोच, साधा. मग ती डब्यात चढली.

मी त्या गाडीत चढलो नाही. अल्ताफभाई तिला बसवून खाली उतरले, गाडी सुटेपर्यंत खिडकीशी तिच्याशी बोलत राहिले, आणि जाताना मला म्हणाले, चला सर, घरी सोडतो. मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसून घरी आलो. वाटेत ते तिच्याबद्दलच बोलत होते. अभ्यासात हुशार हाय, घरच्यांचं करते, सगळं चांगलं हाय, म्हणाले, फक्त ती एक गोष्ट. लेकरू खोटं बोललं याचं न्हाई वाटत सर, म्हणाले, पन बापाशी अजून खोटं बोलतंय, त्याचं वाटतं.

मी मागं बसून 'हं' म्हणालो.

सनानं समृद्धीला ढकललं नव्हतं. मला ते तेव्हाच माहीत होतं. अल्ताफभाईंचं दुकान माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. सकाळी शिफ्टला जाताना ते शटर वर करत असतात आणि मला बघून हात करतात, मीही करतो. आज सकाळीही केला.